फोटो दुसऱ्याच बैलाचा

"वैजू, माझा बैल पळवला."

हिंदुराव आबा गळवे दारातूनच बोलले. माझ्या क्लासमधली सगळी पोरंपोरी टायपिंग सोडून मागे वळली.

"दौलत? कधी? पोलिसांत गेलात का, आबा?"

"दौलत गोठ्यात रवंथ करतोय. गोठ्यातनं न्हाय पळवला. ह्यातनं पळवला." आबांनी काठीचं टोक माझ्या मॉनिटरला टेकवलं.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालातली. आटपाडीच्या स्टँडमागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. तालुक्यात वेबसाइट बनवणारी मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. आबांची वेबसाइट मीच बनवली होती. आबांकडे खिलार वळू, चार पिढ्यांचं घराणं. सांगोला, जत, थेट विजापूरकडून लोक गाई घेऊन त्यांच्या दारात यायचे. दौलतचे अकरा फोटो मी स्वतः काढले होते. कोशासारखा पांढरा रंग, बाकदार शिंगं, आणि मान अशी की बघणाऱ्यानं आधी नमस्कारच घालावा.

माणदेशात बैलाचं नाव म्हणजे माणसाच्या अब्रूसारखं असतं. एकदा का चार माणसं म्हणाली, अमक्याच्या वळूत खोड आहे, की संपलं. मग तो वळू कितीही देखणा असो, त्याच्याकडे कुणी गाय आणत नाही. आबांनी आयुष्यभर दुसरं काही जपलं नव्हतं.

"सोलापूरला माझा भाचा असतो," आबा खुर्चीत बसत म्हणाले, "त्यानं फोन केला. म्हनला, मामा, दौलत विकला का? तिकडं कोन डांगे नावाचा हेडी हाय, त्यानं आपल्या दौलतचा फोटो लावलाय. वासरं देतो म्हनतोय ह्या वळूची. विसार घेतोय लोकांकडनं."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. मी त्याची साइट उघडली. बघते तर दौलत. अकराच्या अकरा फोटो, खाली डांग्याचा मोबाइल नंबर. आणखी थोडं खोलात गेले आणि माझं टाळकंच सरकलं. गड्यानं फोटो उतरवूनसुद्धा घेतले नव्हते. फोटो आमच्याच जागेवर होते आणि त्याच्या पानावर नुसता त्यांचा पत्ता होता. कुणी त्याचं पान उघडलं की फोटो आमच्याकडून जायचा. विहीर आमची, मोटारीचं बिल आमचं आणि पाइप ह्याच्या रानात.

मी तिथूनच फोन लावला. आबांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"फोटोच आहे ना, ताई?" डांगे हसला. "बघितल्यानं झिजतो काय बैल? एवढं वाटतं तर काढून टाका तुमच्याकडचे."

म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर.

"काढायचे कशाला?" मी फोन ठेवत म्हणाले. "आबा, उद्या या. गंमत दाखवते."

गंमत अशी होती. कुठलंही पान एखादा फोटो मागायला आलं, की आपण कुठल्या पानावरून आलो हे सोबत सांगतं. आमच्या सर्व्हरला एवढंच शिकवायचं होतं, की विचार, कुठून आलास. आमच्या पानावरून आला असलास तर घे दौलतचा फोटो. दुसऱ्या कुणाच्या पानावरून आला असलास तर फोटो नाही. चार ओळींचं काम.

पण 'फोटो नाही' एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. रिकामा चौकोन दिसला असता तर डांग्यानं खांदे उडवले असते आणि दुसरीकडचा फोटो लावला असता. मला त्याला धडा शिकवायचा होता. दौलत मागायला आला की त्याच्या हातात दुसराच फोटो ठेवायचा, असं मी ठरवलं. आणि कुठला ठेवायचा, ते शोधायला मला पाच मिनिटं लागली नाहीत. आदल्या वर्षी बाजारात काढलेले दीडशे-दोनशे फोटो माझ्याकडे पडून होते. त्यात एक बैल होता. तोही खिलार, तोही पांढरा. पण खांद्याच्या मागे, जिथे असू नये तिथे, केसांचा एक ठसठशीत भोवरा.

दुसऱ्या दिवशी आबांना मी डांग्याचं पान दाखवलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'अस्सल खिलार वळू, घराण्याची खात्री', आणि खाली अकरा वेळा तोच भोवरेवाला बैल.

आबा वाकून बघत राहिले. "आरं तिच्या. ह्यो भोवरा बगितल्यावर फुकट दिला तरी कोन घेनार न्हाय. घर बुडवनारा भोवरा म्हनत्यात ह्याला."

"मग? कशी जिरवली?"

"जिरवलीस खरी." ते हसले, पण चष्मा काढून पुन्हा एकदा बघायला लागले. "कुनाचा गं ह्यो बैल?"

"बाजारातला कुठलातरी. कोण ओळखतंय?"

"बैल ओळखनारी लई हायती हिकडं," आबा म्हणाले. पण तेवढ्यात त्यांची एसटी लागली आणि ते गेले.

आठवड्याभरात डांग्याचा फोन आला. आवाज एकदम नरमला होता. म्हणाला, गिऱ्हाइकं शिव्या घालतायत, खोडीचा बैल दाखवून विसार मागतोस म्हणून. पण मी बघतो तर मला बरोबर दौलतच दिसतोय. भानगड काय आहे?

भानगड मला माहीत होती. त्याच्या कॉम्प्युटरनं जुने फोटो स्वतःजवळ ठेवून दिले होते. तो तेच बघत होता आणि सारं जग भोवरा बघत होतं.

"तुमच्या नजरेचा दोष असेल," मी म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

त्या दिवशी क्लासमधल्या सगळ्यांना मी भजी खाऊ घातली. खरं सांगते, फार मजा आली होती मला. आपलं कुणी वाकडं करू शकत नाही, असं वाटायचे ते दिवस होते.

पौष लागला. खरसुंडीची यात्रा दहा दिवसांवर आली. आमच्याकडे खिलार जनावरांचा सगळ्यात मोठा बाजार तो. दरवर्षी यात्रेच्या आधी आबांच्या दारात गाईंची रांग लागायची. त्या वर्षी मी एकदा दुपारी गेले तर अंगण रिकामं. आबा दौलतला खरारा करत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"दोन गाई दारातनं माघारी गेल्या," ते म्हणाले. "काय बोलनात, काय सांगनात. एक जन तर दौलतच्या भवतीनं फिरून त्याचं अंग चाचपडून गेला. मला न इचारता."

"डांग्यानं काहीतरी उठवलं असेल."

"डांग्याला कोन इचारतंय? ही आपली मानसं हायती, पोरी. इस वरसं येनारी."

तेव्हाही चूक माझी असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

ते दोन दिवसांनी कळलं. जतच्या बाजूचे बसगोंडा पाटील क्लासमध्ये आले. आबांचं जुनं गिऱ्हाईक, भला माणूस. त्यांनी घडी घातलेला एक रंगीत कागद माझ्यासमोर उलगडला.

"बाई, तुम्ही आबांचं कॉम्प्युटरचं बघता म्हणून आलो. आबांना तोंडावर विचारायचा धीर होईना. हे काय आहे?"

तो पैदासकार मंडळाच्या पानाचा कागद होता. यात्रेतल्या प्रदर्शनात येणाऱ्या जनावरांची यादी. त्यात तिसऱ्या नंबरला लिहिलेलं, 'दौलत, मालक हिंदुराव गळवे'. आणि वर फोटो, भोवरेवाल्या बैलाचा.

मंडळाचे सेक्रेटरी उबाळे गुरुजी. मी त्यांना फोन केला तर ते सहज म्हणाले, "आम्ही आबांना विचारूनच घेतलाय की फोटो. आबा म्हणाले, आमच्या पानावरनं घ्या. पोरानं पत्ता जोडला. वर्ष झालं त्याला."

एक वर्ष. मी सर्व्हरला शिकवताना फक्त डांगे डोळ्यांसमोर ठेवला होता. सर्व्हरला काय, आमच्या पानावरून आला नाही की तो परका. चोर आला तरी भोवरा आणि पाहुणा आला तरी भोवरा. आणि डांग्याचं पान बघणारे असे किती? मंडळाचं पान मात्र चार तालुक्यांतले सगळे जाणते बघत होते. ज्या बैलाचं नाव राखायला मी निघाले होते, त्याच्याच नावाखाली मी खोड चिकटवली होती, तीही मंडळाच्या शिक्क्यानिशी.

दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. लोकांच्या तोंडी गेलेलं मात्र दुरुस्त होत नाही. मी तशीच आबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आबा काठी उगारतील. बरं झालं असतं उगारली असती तर.

"मंडळाला फोटो मीच दिला व्हता," ते म्हणाले. "तुला सांगाया पायजे व्हतं, ती माझी चूक. तू इचाराया पायजे व्हतंस, ती तुझी. आता यात्रेला चल. जे मला सांगितलंस ते तिथं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय दौलतनं सांगायचं?"

यात्रेत आबांच्या दावणीपुढे ही गर्दी. बैल बघायला नव्हे, भोवरा बघायला. आबांनी कुणाला अडवलं नाही. या, हात लावा, म्हणाले. माणसं दौलतच्या खांद्यावर, पाठीवर, वशिंडाखाली बोटं फिरवत होती आणि तो बिचारा शांत उभा होता. भोवरा काही सापडेना.

"सापडनार कसा?" एक पटकेवाला म्हणाला. "भादरला असंल. फोटूत तर लख्ख व्हता."

चारजणांनी माना हलवल्या. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा मी पुढे झाले. क्लासमध्ये बोलायची सवय, आवाज खणखणीत होता माझा.

"कुणी भादरला नाही. तो फोटो दौलतचा नव्हताच. एका चोरानं आबांचे फोटो स्वतःच्या पानावर लावले होते. त्याची खोड मोडायला मी दौलतच्या जागी खोडीचा बैल लावला. तोच चुकून मंडळाच्या पानावर दिसला. चूक माझी आहे, आबांची नाही आणि दौलतची तर नाहीच नाही."

बसगोंडा पाटलांनी मान डोलावली. "मी सांगत नव्हतो?" ते शेजाऱ्याला म्हणाले. गर्दी सैल झाली. कुणीतरी हसलं. पटकेवाल्यानं दौलतच्या मानेवर थाप मारली. मला वाटलं, जिंकलं.

"आन मग फोटूतला बैल कुनाचा?" पटकेवाल्यानं जाता जाता विचारलं.

"असाच," मी म्हणाले. "बाजारातला कुठलातरी."

"कुठलातरी न्हवं. माझा हाय."

गर्दीच्या मागून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. हातात कासरा आणि कासऱ्याला तो बैल. खांद्यामागचा भोवरा दहा हातांवरून दिसत होता. माणसं वाट सोडून मागे सरली, बैल अंगावर येईल म्हणून नव्हे, सावली पडू नये म्हणून.

"मी हौसाबाई लेंगरे," ती मला म्हणाली. "वळखलं न्हाईस तू. मी वळखलं. गेल्या साली बाजारात माझ्या भिवाचा फोटू तूच काढला व्हतास. मी त्याच्या शिंगांना त्याल लावून हुबा केला व्हता."

मला आठवलं. खरंच आठवलं. तिनं फोटोसाठी बैलाची झूल नीट केली होती.

"भोवरा हाय त्याला. मी कवा झाकला न्हाय," हौसाबाई सांगत होती, आता सगळ्यांनाच. "गावाला ठावं हाय. माझं रान तीन सालं ह्योच नांगरतोय. आता लेकीकडं ऱ्हायला जायाचं म्हनून ह्याला द्यायचा व्हता. दिघंचीचा एक जन घेनारबी व्हता, भोवरा बगून, हात लावून. मग तुझ्या क्लासात येनाऱ्या त्याच्या पोरानं मोबाइलमदी फोटू दावला. म्हनला, ह्यो चोराच्या तोंडावर मारायचा बैल हाय, आपल्या दारात कशाला?" ती माझ्याकडे वळली. "बाई, तुझं त्या चोराशी भांडान. त्यात माझ्या भिवाला का वडलंस? ज्याला शिक्षा करायची त्याला माझा बैल दावायचा?"

मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की आजही हे लिहिताना कान गरम होतात. डांग्यानं बैल चोरला म्हणून मी क्लासभर बोंबलत होते. त्यानं निदान दौलतला चांगला म्हणून लावला होता.

आबा उठले. ते भिवाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भोवऱ्यावरून बोटं फिरवली. मग खूर बघितले, तोंड उघडून दात बघितले, मानेवरचा जुवाचा घट्टा चाचपला.

"भोवरा हाय," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? बाकी बैल निर्मळ हाय. कासरा द्या, बाई."

हौसाबाईंनी कासरा दिला. आबांनी भिवाला आपल्या दावणीला नेलं आणि दौलतच्या शेजारी बांधलं.

"आबा, खोडीचा बैल वळूच्या शेजारी?" पटकेवाला न राहवून म्हणाला. "आत्ता तर कुठं दौलतचं नाव साफ झालं."

"फोटू बगून दौलतला खोडीचा ठरवलासा," आबा म्हणाले. "आता दोगंबी म्होरं हायती. फोटू न्हाय, बैल बगा. आन मग काय म्हनायचं ते म्हना."

पटकेवाला निघून गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी काहीजण. उबाळे गुरुजींनी येऊन आबांच्या कानाला लागून सांगितलं की परीक्षक यायच्या आत भिवाला हलवा. आबांनी त्यांना चहा पाजला आणि भिवाला हलवला नाही. त्या साली दौलतला नंबर मिळाला नाही. यात्रेचे तीन दिवस दोन्ही बैल शेजारी शेजारी एकाच चाऱ्यावर होते. वैरण मी टाकत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बसगोंडा पाटील भिवाभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"माझ्या रानात नांगराला बैल हवाय," ते हौसाबाईंना म्हणाले. "भोवरा काय नांगराच्या आडवा येतोय?" त्यांनी उपरणं पुढे केलं. उपरण्याखाली त्यांनी आणि हौसाबाईंनी बोटं धरली, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, भाव दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. सौदा झाला. चैत्रापासून दौलतकडेही गाई यायला लागल्या, आधी बसगोंडांची, मग हळूहळू बाकीच्यांच्या.

पण मला लक्षात राहिलंय ते हौसाबाई निघाल्या तेव्हाचं. त्यांनी भिवाच्या कपाळावर गुलाल लावला, तोंडावरून हात फिरवला आणि पदर खोचून स्टँडकडे चालायला लागल्या. मी मागे धावले. तीन दिवस मनात जुळवलेलं सगळं माफीचं बोलणं ऐन वेळी विसरले.

"मावशी, चुकलं माझं."

त्या थांबल्या. रागानं बघत नव्हत्या.

"पुन्यांदा कुनाचा फोटू घेशील तवा इचारून घे, बाई."

मला वाटलं, एवढी एक गोष्ट तरी माझ्या बाजूनं आहे. "मावशी, विचारूनच काढला होता की मी."

"काढाया इचारलंस," हौसाबाई म्हणाल्या. "लावाया न्हाय."

आणि त्यांची एसटी लागली होती म्हणून त्या गेल्या.